तंत्रपरिषदांतली भाषणं: डेमोपासून अनुभवकथनापर्यंत

तंत्रपरिषदेत कोणी बोलायला उभं राहिलं की आज आपल्याला त्याच्याकडून अनुभव हवा असतो: काय करून पाहिलं, कुठे अडलं, कसं सुटलं. पूर्वी या परिषदांवर शोधनिबंधांचा पगडा होता. लेखकाने मंचावर सारांश सांगायचा, बाकीचं छापील खंडात वाचायचं.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी मात्र आपली संगणक प्रणाली सुमारे हजार जणांपुढे ९० मिनिटं चालवून दाखवली. माउस, पडद्यावरच दुरुस्त होणारा मजकूर, लांबच्या सहकाऱ्याबरोबर एकाच दस्तऐवजावर काम, हे सगळं त्यात होतं. संगणक होता जवळपास ५० किलोमीटरवर, मेन्लो पार्कमध्ये. तिथून चित्रं आणायला मायक्रोवेव्ह लिंक उभारल्या आणि मंचावरून कळांचे संदेश उलट पाठवायला मोडेमही स्वतःच बनवला. सभागृहात मागच्या बाजूला बसून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश चित्रांची जुळणी करत होते, मेन्लो पार्कच्या मंडळींना सूचना देत होते. माझ्या मते त्या दिवसाचं निम्मं श्रेय इंग्लिश यांचं आहे. त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

एवढा खटाटोप प्रत्येकाला कुठून जमणार? २००० साली पिट्सबर्गला पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या संमेलनात मार्क जेसन डॉमिनस यांनी पाच-पाच मिनिटांची ‘लाइटनिंग’ भाषणं ठेवली आणि नवख्यांनाही मंच मिळाला.

अनुभवकथनाची ताकद दिसली ती जून २००९ मध्ये. सॅन होजेच्या व्हेलॉसिटी परिषदेत फ्लिकर या फोटो साठवायच्या-दाखवायच्या साइटचे जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड एकत्र बोलले. एक सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा प्रमुख, दुसरा कोड लिहिणाऱ्यांचा. ‘दोष तुझ्या कोडचा’, ‘नाही, तुझ्या मशीनचा’ हे रोजचं भांडण त्यांनी आधी मांडलं आणि मग दिवसाला दहाहून जास्त वेळा नवा कोड साइटवर कसा चढवतो ते सांगितलं: एका टप्प्यात डिप्लॉय (म्हणजे कोड साइटवर चढवणं), नवं वैशिष्ट्य बंद-चालू करायची सोय, साइट कशी चालली आहे याचे तेच आलेख दोन्ही गटांसमोर आणि बिघाड झाला तर आरोप न करण्याची शिस्त. यातलं बरंचसं इतरांना उद्यापासून करून पाहता येण्याजोगं होतं, म्हणूनच ते पसरलं असं मला वाटतं.

बेल्जियमचे पॅट्रिक डेबॉइस यांनी हे भाषण थेट प्रक्षेपणावर पाहिलं. त्याच ऑक्टोबरात त्यांनी गेंट शहरात पहिलं ‘डेव्हऑप्सडेज’ संमेलन भरवलं; ‘डेव्ह’ म्हणजे कोड लिहिणारे, ‘ऑप्स’ म्हणजे सर्व्हर सांभाळणारे. त्यात ठरलेल्या भाषणांच्या जोडीला खुली सत्रंही होती; त्यांत चर्चेचे विषय जमलेल्या लोकांनीच तिथल्या तिथे सुचवायचे होते.