तंबाखूला चुना कशाला?

एसटी स्टँडच्या बाकावर बसलेला माणूस पुडी उघडतो, डाव्या तळहातावर तंबाखू घेतो, डबीतला चुना नखाने काढून त्यात घालतो आणि अंगठ्याने मळायला लागतो. दोन थापट्या मारून भुकटी उडवली की चिमूट खालच्या ओठाआड. पाचेक मिनिटांत गडी तरतरीत. चुना कशाला, असं विचारलं तर 'त्याशिवाय लागत नाही' एवढंच सांगेल. आणि ते अगदी बरोबर आहे.

तंबाखूतलं निकोटिन बरंचसं विद्युतभारित रूपात असतं. अशा रेणूला तोंडातलं स्निग्ध अस्तर सहज ओलांडता येत नाही. चुना अल्कधर्मी. तो मिसळला की निकोटिनचा भार उतरतो आणि ते अस्तरातून थेट रक्तात शिरतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं चघळताना सोबत चुना किंवा राख घेतात, त्यामागेही हेच रसायन. शाळेत न जाता दोन्हीकडच्या माणसांना ते सापडलं होतं.

उत्तेजक, गुंगी आणणारे, भास घडवणारे अशी नशेच्या पदार्थांची वर्गवारी करतात. ती चूक नाही. पण चटक कशी लागते हे समजायचं असेल तर पदार्थ मेंदूपर्यंत किती वेगाने पोचतो ते आधी बघावं. झुरका आणि सुख यांत अंतरच उरलं नाही, की मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन त्या दोघांची पक्की गाठ मारतं. बिडी-सिगारेटच्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत जातं. तेच निकोटिन कातडीवर चिकटवलेल्या पट्टीतून तासन्‌तास झिरपतं. त्या पट्टीचं व्यसन क्वचितच लागतं. उलट ती सिगारेट सोडवायला देतात.

भांगेची वाट सगळ्यांत लांबची. शिवरात्रीला थंडाईचा एक पेला पोटात जातो, अर्ध्या तासात काहीच होत नाही, 'चढतच नाही राव' म्हणून दुसरा. तोवर पहिल्याचा माल यकृतात पोचून आणखी जोरकस रूपात बदलत असतो. तास-दीड तासाने दोन्ही पेले एकदम हिशेब मागतात: छाती धडधडते, घशाला कोरड पडते, आपण आता मरणार अशी खात्रीच वाटते.

हेरॉइन हे याच्या दुसऱ्या टोकाला. अफूतल्या मॉर्फिनला दोन छोटे रासायनिक गट जोडले की रेणू जास्त स्निग्ध होतो आणि मेंदूभोवतीची गाळणी झटकन ओलांडतो. आत गेल्यावर त्याचं पुन्हा मॉर्फिन होतं. बायर कंपनीने १८९८ मध्ये हे खोकल्याचं औषध म्हणून विकायला काढलं होतं! त्याचं भेसळीचं रूप म्हणजे ब्राउन शुगर, आपल्याकडची गर्द. १९८०च्या दशकात ती मुंबई-पुण्यात पसरली आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. गर्द घेणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, आतडी सुस्तावतात आणि मेंदूच्या बुंध्यातली श्वासाची लय मंदावते. मरण येतं ते बहुधा श्वास थांबूनच. न मिळाली तर 'टर्की': नाक-डोळे गळतात, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं. सर्वांत धोक्याचा काळ मात्र सोडल्यानंतरचा. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो.

रेल्वे स्टेशनवरची पोरं रुमालात पंक्चरचं 'सोल्युशन' घेऊन हुंगतात. ते फुप्फुसातून काही सेकंदांत मेंदूत जातं, मज्जातंतूंवरचं वेष्टण झिजवतं; कधी कधी हृदय जागीच बंद पडतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक, ओसरतं लवकर, म्हणून एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतलं जातं. जबडा आवळलेला, अंग तापलेलं, झोप नाही.

बाकावरचा माणूस या सगळ्यांच्या मानाने संथ वाटेवर आहे, पण ती वाट तोंडातूनच जाते. तंबाखूतले नायट्रोसअमाइन नावाचे कर्करोगकारक रेणू रोज त्याच जागी भिजत राहतात, चुना तिथलं अस्तर भाजत राहतो. गावाकडे बायका दातांना मशेरी घासतात, त्यांच्या हिरड्यांचीही तीच गत. गरोदरपणी घासली तर बाळाचं वजनही कमी भरतं. दातांचे डॉक्टर अशा पेशंटला विचारतात, 'तंबाखू कुठल्या बाजूला धरता?' आणि आरसा आधी तिथेच नेतात, कर्करोगाची चाहूल देणारा पांढरा चट्टा शोधायला.