डिस्लेक्सियात अक्षरं खरंच उलटी दिसतात का?

डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला-लिहायला शिकणं खूप अवघड जाणं. 'डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना अक्षरं उलटी किंवा नाचताना दिसतात', हा मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. तो पटतोही, कारण अशी मुलं कधीकधी उलटी अक्षरं लिहितात. पण लिहायला शिकताना सहा-सात वर्षांपर्यंत बरीच मुलं तसं लिहितात आणि सरावाने ते सुटतं. तेवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मुख्य अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसते, ती शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडण्यात असते. घरी करून पाहा. पुस्तक मिटा आणि मुलाला विचारा, 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं? 'मळ'. आता 'पाऊस'मधला 'पा' काढ. इथे डोळ्यांसमोर अक्षरच नाही, तरी वाचायला शिकायच्या वयाचं मूल पुन्हापुन्हा अडतं, तेव्हा दोष दिसण्यात कसा असेल? (हा खेळ म्हणजे निदान नव्हे, ते प्रशिक्षित तज्ज्ञाने चाचण्या घेऊनच करायचं.)

डोळे आणि कान तपासून घ्यावेतच, कारण नंबर असेल तर चष्मा लागेल. मात्र रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया जात नाही. उपयोग होतो तो ध्वनी-अक्षराची जोडी क्रमाने, उघडपणे, भरपूर उजळणीसह शिकवण्याचा. विशेष शिक्षक नेमकं हेच करतात. परीक्षेत मिळणारा जादा वेळही त्यासाठीच: उत्तर डोक्यात असतं, प्रश्न वाचण्यातच घड्याळ पुढे जातं.