पार्श्वभूमी: 'रेल्वेचं घड्याळ' आणि सुट्या भागांचा घोळ

भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात जुन्या कपाटातून साखळीचं घड्याळ निघालं की ते 'रेल्वेचं' ठरतं. तबकडीवर 'रेल्वे रेग्युलेटर' किंवा 'रेल्वे टाइमकीपर' छापलेलं, मागच्या झाकणावर वाफेचं इंजिन. बंद पडलेल्या घड्याळाचा भाग शोधणारा मग याच शब्दावरून शोधत सुटतो, आणि मिळालेला भाग बसत नाही.

खानदेशात रूळ आले 1860 च्या दशकात. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागली, मुंबई आपल्या वेळेवर. दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर. 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ आली. गार्ड आणि स्टेशनमास्तरांना खात्रीचं घड्याळ लागायचं, हे खरं. पण खात्याने दिलेल्या घड्याळावर सहसा रेल्वे कंपनीची आद्याक्षरं आणि एक क्रमांक ठोकलेला असतो. तो क्रमांक नोंदवहीसाठी होता, भाग मागवताना त्याचा काही उपयोग नाही.

'रेल्वे' या शब्दाला नेमका अर्थ होता तो अमेरिकेत. 1891 मध्ये ओहायोत दोन गाड्यांची टक्कर झाली आणि पुढे 1893 च्या सुमारास तिथे नियम ठरले: किमान 17 ज्वेल (आस टेकायला बसवलेले खडे), पाच स्थितींत ठेवून जुळवलेलं, आठवड्यात 30 सेकंदांहून जास्त फरक नको. हा लौकिक पाहून स्वित्झर्लंडमधल्या स्वस्त मालावरही तो शब्द आणि इंजिनाचं चित्र सर्रास छापलं गेलं. त्यावर कोणाचा ताबा नव्हता. आपल्याकडे तबकडीवर इंजिन असलेली घड्याळं निघतात त्यांतली बरीचशी रॉस्कॉफ जातीची, म्हणजे 1867 साली कामगाराला परवडावं म्हणून 20 फ्रँकला काढलेल्या घड्याळाची भावंडं. त्यांना हलकं म्हणायची पद्धत आहे. ती अन्यायाची आहे, कारण त्यातलं डोकं भारी होतं. पण त्याला लिव्हर मशीनचे, म्हणजे नेहमीच्या घड्याळातल्या यंत्राचे, भाग चालत नाहीत, ही गोष्ट तबकडी कधी सांगत नाही.

ओळखायचं कसं? मागचं झाकण उघडून भिंगाखाली पाहावं. साध्या लिव्हर मशीनमध्ये बरोबर मध्यभागी एक चाक असतं आणि मिनिटकाटा त्याच्याच आसावर फिरतो. रॉस्कॉफमध्ये हे मधलं चाक नसतंच. स्प्रिंगचा डबा मोठा, जवळजवळ मध्यापर्यंत आलेला, आणि काटे थेट त्या डब्याकडून फिरतात. पॅलेटवर, म्हणजे चाकाला अडवून सोडणाऱ्या तुकड्यावर, लाल खड्यांऐवजी दोन पोलादी खुंट्या दिसतात.

एक बिघाड वारंवार येतो: टिकटिक चालू, काटे मागे. लिव्हर मशीनमध्ये मिनिटकाट्याची नळी, म्हणजे कॅनन पिनियन, सैल झालेली असते आणि घड्याळजी ती हलकी चिमटून घट्ट करतो. रॉस्कॉफमध्ये हीच नळी एका स्थिर खुंटीवर मोकळी फिरायला हवी. तिला चिमटलं की घड्याळच थांबतं. मग 'नवीन कॅनन पिनियन पाहिजे' म्हणून शोधाशोध सुरू होते. खरा दोष डब्यावर घर्षणाने बसवलेल्या चाकाच्या सैलपणात असतो. तिथली पकड घट्ट केली की काम होतं, भाग लागतच नाही. पॅलेटच्या खुंट्या झिजल्या असतील तर त्याच जाडीच्या सुईचा तुकडा कापून, टोक चकचकीत करून बसवता येतो.

मापांचा गोंधळ वेगळाच. स्विस मशीन 'लाइन'मध्ये मोजतात. एक लाइन 2.2558 मिमी. अमेरिकन माप 'साइज'मध्ये. 19 लाइन म्हणजे 42.86 मिमी आणि 16 साइज म्हणजे 43.18. फरक तिसऱ्या हिश्श्याच्या मिलिमीटरचा, म्हणून एकाची डबी, म्हणजे बाहेरचं आवरण, दुसऱ्याला 'जवळपास' बसते आणि पुढे मशीन आत खुळखुळतं. मोजायचं ते तबकडीकडची प्लेट, डबी नव्हे.

भागांना सर्व कारखान्यांत सामाईक क्रमांक विसाव्या शतकाच्या मध्याला रुळले: 401 चावीचा दांडा, 723 बॅलन्स स्टाफ (झोके घेणाऱ्या चाकाचा आस), 770 मेनस्प्रिंग (डब्यातली मुख्य स्प्रिंग). आपली खिशातली घड्याळं त्याच्या आधीची. शिवाय 401 म्हटलं तरी कोणत्या कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या कोणत्या नमुन्याचा, हे सांगावंच लागतं. कॅलिबर कळतं तबकडी काढल्यावर: प्लेटवरची बारीक खूण, आणि त्याहून खात्रीचा म्हणजे सेटिंग लिव्हरच्या, म्हणजे काटे जुळवायच्या खटक्याच्या, स्प्रिंगचा आकार. तो प्रत्येक कॅलिबरचा अंगठ्याचा ठसाच समजा.

स्वातंत्र्यानंतर आयात परवान्यावर गेली आणि स्विस भागांचा ओघ आटला. 1961 मध्ये बंगळूरला सरकारी कारखाना जपानी सहकार्याने सुरू झाला. त्याच्या मनगटी घड्याळांचे भाग गल्लोगल्ली मिळू लागले, पण जुन्या खिशातल्या मशीनला त्यांचा उपयोग नव्हता. 1970 नंतर बॅटरीवरच्या क्वार्ट्‌झने बाजार खाल्ला. 2016 मध्ये तो सरकारी कारखानाही बंद झाला. दरम्यान चांदी चढली की डबी आटवायची आणि मशीन भंगारात टाकायचं, हे सराफ बाजारात चालतच आलं. आज तीच डबीविना मशीनं भागांचा मुख्य साठा आहेत, मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन ढिगांत. मात्र तयार 'जुनं रेल्वे घड्याळ' म्हणून नवी तबकडी रंगवून विकला जाणारा जोड घेण्यात पैसे घालू नयेत. त्यात आधीच तीन घड्याळांचे भाग असतात.

मशीन विकत घेताना फोटोत बॅलन्स हलतो का, हे आधी विचारावं. बॅलन्सचा आस तुटलेला असेल तर बाकीचं चांगलं असूनही उपयोग अर्धाच, कारण बहुतेकांना तोच भाग हवा असतो. त्याची टोकं सुमारे 0.10 मिमीची, पडलं की तीच तुटतात. नवा आस घ्यायचा तर एकूण लांबी, दोन्ही टोकांची जाडी, त्यावर बसणाऱ्या रोलरची आणि हेअरस्प्रिंगच्या (बॅलन्सला परत आणणाऱ्या बारीक स्प्रिंगच्या) कॉलेटची, म्हणजे कड्याची, बैठक, एवढं सगळं लिहून द्यावं लागतं.

मेनस्प्रिंग रुंदी, जाडी, लांबी या क्रमाने मागवतात. रुंदी डब्याच्या आतल्या उंचीपेक्षा किंचित कमी हवी. जाडीत मात्र तडजोड नाही: 0.20 ऐवजी 0.21 घेतली तर जोर सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो, बॅलन्स गरजेपेक्षा जास्त झोके घेऊन ठोकर मारतो आणि घड्याळ भरधाव पुढे जातं. बाहेरच्या टोकाला छिद्र आहे की आडवा टी, हे जुन्या तुकड्यावरून पाहून घ्यावं.

आणि वैशाखात घड्याळ मागे पडतंय म्हणून लगेच हेअरस्प्रिंग मागवू नये. साध्या बॅलन्सवरची पोलादी हेअरस्प्रिंग दर अंशाला दिवसाकाठी सुमारे 11 सेकंद मागे टाकते. 25 वरून 42 अंशांवर गेलं की तीन मिनिटं गेलीच. आधी मशीन उघडून कपाशीचा तूस आणि वाळलेलं तेल काढावं, मग पावसाळ्यात पुन्हा वेळ तपासावी.