विद्यापीठांचे प्रतिष्ठा-व्यवस्थापन

विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेवर विद्यार्थी, पालक, इतर संशोधक आणि अनुदान देणारे जो विश्वास ठेवतात, तो मिळवणे, टिकवणे आणि गमावल्यास परत कमावणे म्हणजे प्रतिष्ठा-व्यवस्थापन. जनसंपर्क विभाग, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, मानांकनासाठी आकडेवारी जमवणारा कक्ष हा त्याचा रोजचा भाग. कस लागतो तो मात्र संस्थेतल्याच कोणी गैरप्रकाराची तक्रार केली म्हणजे.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे प्रकरण या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. वैद्यकशास्त्राचे नोबेल कोणाला द्यायचे हे इथल्या प्राध्यापकांची सभा ठरवते, इतका या संस्थेचा दबदबा. 2010 मध्ये तिने पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाला नेमले. रुग्णाच्याच मूलपेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका त्याने 2011 मध्ये बसवली आणि जगभर वाहवा झाली. कॅरोलिन्स्का रुग्णालयात अशी श्वासनलिका बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. शोधनिबंधांत लिहिलेले आणि रुग्णांच्या नोंदींत असलेले जुळत नाही, हे 2014 मध्ये तिथल्याच चार डॉक्टरांनी दाखवून दिले. बाहेरच्या तज्ज्ञाने 2015 मध्ये गैरवर्तनाचा ठपका ठेवला. तरीही कुलगुरू अँडर्स हॅमस्टेन यांनी मॅकियारिनीला निर्दोष ठरवले. जानेवारी 2016 मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीने सारे उघड केले. पुढच्याच महिन्यात कुलगुरूंना पद सोडावे लागले, मार्चमध्ये मॅकियारिनीला काढून टाकण्यात आले. 2023 मध्ये अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली. चार डॉक्टरांचे म्हणणे वेळीच मानले असते तर संस्थेला थोडी नामुष्की सोसावी लागली असती, एवढेच. नाव जपण्याच्या धडपडीत नाव गेले, आणि रुग्णांचे जे झाले ते तर भरून येणारे नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रश्न आकड्यांचा होता. अमेरिकेतील एका प्रसिद्ध क्रमवारीत ते दुसऱ्या स्थानी होते. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने पुरवलेली माहिती चुकीची असल्याचे दाखवले. वर्गांचा आकार आणि अध्यापकांच्या पदव्या यांबाबत चूक झाल्याचे विद्यापीठाने मान्य केले. स्थान अठराव्यावर घसरले आणि 2023 मध्ये विद्यापीठाने त्या क्रमवारीतून अंगच काढून घेतले.

अशा क्रमवाऱ्यांमध्ये कीर्तीलाच थेट गुण असतात. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक क्रमवारीत 2024 च्या आवृत्तीपासून अभ्यासकांच्या मताला 30 टक्के व नोकरी देणाऱ्यांच्या मताला 15 टक्के वजन आहे. भारत सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीतही अभ्यासक आणि नोकरी देणारे यांच्या मताला शंभरपैकी 10 गुण आहेत. आधीच नावाजलेल्या संस्थेला त्याचा फायदा मिळतो, जिल्ह्याच्या गावातले चांगले महाविद्यालय मात्र मागे राहते. आपल्याकडे महाविद्यालये आणि विद्यापीठांचे मूल्यांकन करण्यासाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या नॅक या संस्थेची समिती यायची म्हटली की भिंतींना रंग आणि फायलींना नवी वेष्टणे चढतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि रिकाम्या प्राध्यापकपदांकडे तेवढे लक्ष जात नाही. 2020 मध्ये मुंबईसह सात आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या क्रमवारीत भाग घेतला नाही. मोजमापाची पद्धत पारदर्शक नाही, हा त्यांचा आक्षेप होता.