७×५० की १०×५०: छोट्या बोटीवर कुठली दुर्बीण?

या दोन दुर्बिणी शेजारी ठेवल्या तर चटकन फरक सांगता येत नाही. पुढची भिंगं तेवढीच, वजन दोन्हींचं किलोच्या आसपास, बांधणीही तशीच. एकीवर ७×५० छापलेलं असतं, दुसरीवर १०×५०. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. जमिनीवर उभं राहून दोन्हींतून पाहिलं की १० पटवाली बाजी मारते, आणि बरेच जण तीच उचलतात. बोटीवर गेल्यावर मात्र ती कुरकुर करायला लावते.

दुर्बीण वस्तू जितकी मोठी करते, तितकाच हाताचा कंपही. सात-आठ मीटरची बोट लाटांवर सतत डोलते, त्यात इंजिनाची थरथर. हाताला एका अंशाचा हिसका बसला तर ७ पटीत चित्र डोळ्यापुढे ७ अंश सरकतं, १० पटीत १०. बोयावरचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेवरचा आकडा वाचायचा तर तो क्षणभर तरी एका जागी थांबायला हवा. १० पटीत तो मोठा दिसतो खरा, पण ३ आहे की ८ हे ठरायच्या आत निसटतो. रात्री हा त्रास वाढतो. दीपगृह ओळखायचं ते झोत किती सेकंदांनी आणि किती वेळा येतो ते मोजून. १० पटीत तो दिवा अंधारात रेघोट्या ओढत फिरतो, मधेच दृश्याबाहेर जातो, आणि एक झोत हुकला की मोजणी पहिल्यापासून. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे ते चालवायच्या जागी, १० पट चालून जाते. तिथले हेलकावे संथ असतात आणि टेकायला जागा असते.

दुसरी अडचण दृश्याच्या रुंदीची. बोटींसाठीच्या ७×५० मधून साधारण ७ ते ७.५ अंशांचा पट्टा दिसतो, म्हणजे १००० मीटरवर १२० ते १३० मीटर. १०×५० मध्ये हाच पट्टा बहुधा ५ ते ६.५ अंशांचा. हरवलेला बोया पुन्हा सापडायला किती वेळ लागतो, ते यावर ठरतं. काही दुर्बिणींवर हा आकडा १००० यार्डांवर किती फूट असा लिहिलेला असतो; त्याला ५२.४ ने भागा, अंश मिळतात. मीटर आणि फूट यांची गल्लत करून अरुंद दुर्बीण रुंद समजणारे कमी नाहीत.

आता मागच्या भिंगाकडे या. दुर्बीण हातभर लांब धरून उजेड असलेल्या आकाशाकडे रोखा. मागच्या भिंगात एक लख्ख गोल ठिपका दिसेल. प्रकाश याच ठिपक्यातून डोळ्यात शिरतो. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की याचं माप निघतं: ७×५० चा ७.१ मिलिमीटर, १०×५० चा ५. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, आणि अशा डोळ्याला ७×५० मधलं दृश्य जवळजवळ दुप्पट उजळ दिसतं. वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते. पन्नाशीनंतर अनेकांची ५ च्या आसपासच थांबते, आणि मग उजेडाचा हा फायदा उरत नाही.

तरीही ७.१ चा ठिपका वाया जात नाही. बोट हलते तशी दुर्बीण डोळ्यापासून एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. ठिपका बाहुलीपेक्षा मोठा असेल तर एवढं हलूनही चित्र शाबूत राहतं. दोन्ही जवळपास सारखे असतील तर कडेने काळी सावली आत-बाहेर करत राहते. अर्ध्या तासात डोळे शिणतात ते बहुतेक याच सावलीमुळे.

तो ठिपका न्याहाळताना त्याची कडही बघा. ती स्वच्छ गोल असेल तर आतले लोलक चांगल्या काचेचे, बहुधा बीएके-४ चे. कडा करड्या पडून ठिपका चौकोनी वाटत असेल तर लोलक हलक्या काचेचे आहेत आणि कडेचा उजेड आत कुठेतरी हरवतो आहे.

जाहिरातींत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा भेटेल. पट गुणिले व्यास, त्याचं वर्गमूळ. ७×५० चा १८.७ येतो, १०×५० चा २२.४, म्हणजे संधिप्रकाशात १० पटवाली सरस. हे गणित दुर्बीण तिवईवर घट्ट बसवली आहे असं धरून चालतं. डेकवर तिवईचा काय उपयोग!

फोकसमध्येही एक नेहमीची गफलत होते. मधल्या चाकाने दोन्ही डोळ्यांचा फोकस एकदम बदलणारी दुर्बीण सगळ्यांच्या ओळखीची. बोटीवर प्रत्येक डोळ्याचा वेगळा फोकस असलेली बरी. डावा डोळा झाकून उजवा क्षितिजाजवळच्या वस्तूवर जुळवायचा, मग उजवा झाकून डावा, आणि दोन्हींवरचे आकडे लक्षात ठेवायचे. ७ पटीत यानंतर साधारण ३० मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं, चाक फिरवावं लागत नाही. तेवढ्याच स्पष्टतेसाठी १० पटीत हे अंतर दुप्पट लांबून सुरू होतं. ‘फोकस-फ्री’ म्हणून मिळणारी दुर्बीण ही वेगळीच वस्तू: तिच्यात जुळवायला काही नसतंच. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल आणि चष्मा काढून पाहायचं असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याचं थोडक्यात. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे सोसणारी. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असेल तर कुठल्या कसोटीवर ते शोधा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आत नायट्रोजन भरलेला असला की आतून धुकं धरत नाही. बाहेरून धरतंच: गार केबिनमधून दमट हवेत आणलेली कुठलीही दुर्बीण काही मिनिटं आंधळी होते. म्हणून ती आधीच डेकवर, सावलीत आणून ठेवावी.

बोटींसाठीच्या बऱ्याच ७×५० मध्ये होकायंत्र आणि अंतराच्या रेघा असतात. १०×५० मध्ये क्वचित. रेघा मिल या मापात असतात: १००० मीटरवर १ मीटर उंची म्हणजे १ मिल. नकाशावर दिव्याची उंची ६० मीटर असेल आणि पाण्यापासून दिव्यापर्यंत १५ मिल भरले, तर ६० गुणिले १००० भागिले १५, म्हणजे ४००० मीटर. हलत्या हातात एका मिलची चूक सहज होते, आणि तेवढ्याने उत्तर अडीचशे-तीनशे मीटर इकडेतिकडे जातं. दीपगृहाचा पायथा क्षितिजाखाली गेला असेल तर हे गणित लागूच नाही; डोळा पाण्यापासून २ मीटर उंचीवर असेल तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरच्या पुढे असतं. नकाशावरची उंची भरतीच्या पाण्यापासून दिव्यापर्यंत असते, मनोऱ्याच्या टोकापर्यंत नव्हे. ओहोटीला कोन मोठा भरतो, म्हणून अंतर खऱ्यापेक्षा कमी निघतं. होकायंत्र चुंबकीय दिशा दाखवतं. नकाशावर आखताना ती आणि खरी दिशा यांतला तिथला फरक धरावा लागतो. खिशातला फोन, शेजारचा स्पीकर, काही चष्म्यांच्या पोलादी काड्याही काटा ढळवतात.

जास्त पट हवीच असेल तर चित्र स्थिर करणारी, बॅटरीवर चालणारी दुर्बीण घ्या. १२ किंवा १४ पटीतही तिच्यातून बोयावरचा आकडा वाचता येतो. तिचा ठिपका मात्र लहान, १४×४० चा २.९ मिलिमीटर, त्यामुळे अंधार पडल्यावर साधी ७×५० जवळ असू द्यावी.

कुठलीही घेतलीत तरी किलोभर वजनाची दुर्बीण पाण्यात पडली की बहुधा बुडते, म्हणून तरंगणारा पट्टा लावा. त्यावर किती वजन पेलतो ते लिहिलेलं असतं. परत आल्यावर वॉटरप्रूफ दुर्बीण गोड्या पाण्याखाली धरून धुवायची आणि मगच भिंगं पुसायची. कोरड्या फडक्याने आधी पुसली तर वाळलेल्या मिठाचे खडे भिंगावरच्या थराला ओरखडे पाडतात.