एका चौरस सेंटिमीटरवर 43 ग्रॅम

आत्याला दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी आणि माझा आतेभाऊ भाड्याची कॉट बघायला गेलो. आत्याची डावी बाजू लुळी पडलेली, बोलणं शाबूत, वजन जेमतेम 50 किलो. दुकानदाराने एअर बेडचा पंप लावून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, हा टाकला की पेशंटला हलवायची कटकटच नाही. बेडसोअरचं नावच काढू नका." बेडसोअर म्हणजे शय्याव्रण, एकाच जागी पडून राहिल्याने अंगाला होणारी जखम. गादीच्या माहितीपत्रकावर ठळक छापलं होतं : दाब 32 मिमीपेक्षा कमी! मी भौतिकशास्त्र शिकवते. आकडा दिसला की तो आला कुठून, हे खणल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हा आकडा 1930 सालचा आहे. यूजीन लँडिस या शास्त्रज्ञाने निरोगी माणसांच्या नखाच्या कडेला, सूक्ष्मदर्शकाखाली बघत, केशवाहिनीत, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीत, काचेची अतिसूक्ष्म नळी घुसवली आणि आतल्या रक्ताचा दाब मोजला. रोहिणीकडच्या, म्हणजे रक्त जिथून आत येतं त्या, टोकाला तो सरासरी पाऱ्याचा 32 मिमी भरला, नीलेकडच्या, रक्त बाहेर जाण्याच्या, टोकाला 12. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून जो 120 मोजतात, तो इथे पोचेपर्यंत एवढा उतरलेला असतो. बाहेरून याहून जास्त दाब पडला की केशवाहिनी चपटी होणार आणि रक्त थांबणार, असं गणित पुढे लोकांनी मांडलं. मोजमाप निरोगी माणसाच्या बोटाचं होतं. ते आजारी म्हाताऱ्या माणसाच्या पाठीचं म्हणून गादीवर छापणं ही जाहिरातबाजी झाली. तरी अंदाजाला आकडा बरा आहे.

32 मिमी पारा म्हणजे किती? पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 43 ग्रॅम. आता आत्या उताणी झोपली आणि तिचं अंग समजा 4000 चौरस सेंटिमीटर गादीला टेकलं, तर 50,000 भागिले 4000, म्हणजे साडेबारा ग्रॅम. पाऱ्यात 9 मिमी. मग जखम व्हायलाच नको!

पण माणूस म्हणजे पिठाची परात नव्हे. वजन सारखं पसरत नाही, ते हाडांच्या उंचवट्यांवर गोळा होतं. माकडहाडाच्या वरची सपाट जागा, टाचा, खुबे, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. तिथे आतून हाड रेटतं, बाहेरून गादी, आणि मधलं मांस अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. शिवाय मांसाला प्राणवायू कातडीपेक्षा जास्त लागतो, त्यामुळे ते आधी मरतं. म्हणजे खोल जखम बहुतेकदा हाडालगत सुरू होते आणि वर यायला दिवस घेते. "काल काही नव्हतं, आज एकदम खड्डाच पडला" असं घरोघरी ऐकू येतं, त्याचं कारण हे. अलीकडचं संशोधन तर सांगतं की रक्त अडण्याची वाट न बघता, नुसत्या चेपण्यानेही पेशींची आवरणं ताणून फाटतात.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती शरीराची उलट चाल. रक्त अडलं की त्या भागात कार्बन डायऑक्साइड, लॅक्टिक आम्ल, अडेनोसिन, पोटॅशियम असं साचत जातं. हीच रसायनं लहान रोहिण्यांच्या भिंतींमधल्या स्नायूंना सैल सोडतात. दाब उठला रे उठला की रुंदावलेल्या वाटांनी रक्त धो धो आत येतं आणि कातडी लाल होते. पायावर पाय टाकून अर्धा तास बसा, गुडघ्यावर तोच लाल ठसा दिसेल. हा लाल रंग वाईट नव्हे, ती उधारी फेडली जात असते. प्रश्न एवढाच की रक्त वाहिन्यांच्या आत आहे की बाहेर झिरपलंय. ते ओळखायला बोट पुरतं. लाल जागेवर तीन सेकंद दाबा आणि सोडा. पांढरट होऊन परत लाली आली तर रक्त आतच आहे, वाहिन्या धड आहेत. रंग हललाच नाही तर वाहिन्यांना इजा झाली, शय्याव्रणाची पहिली पायरी आली. बोटाऐवजी पारदर्शक काच टेकवली तर दाबतानाच दिसतं.

यात एक खोच आहे. ही खूण गोऱ्या कातडीवर ठरली. आपल्या सावळ्या पाठीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे हाताची पाठ लावून बघावी : जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, घट्ट किंवा पिचपिचीत वाटते का, जांभळट झाक आहे का. आणि त्या जागेवर स्पिरिट चोळू नये, मालिश तर नकोच. आत दुखावलेल्या वाहिन्या चोळून आणखी फाटतात. फुगवलेली गोल रिंगही नको. मधली जागा अधांतरी राहते खरी, पण रिंगच्या कडेने रक्ताची वाट सगळीकडून आवळली जाते.

आपल्याला असं का होत नाही? कारण अवघडलं की झोपेतही आपण कूस बदलतो. आत्याच्या डाव्या खुब्याकडून तो निरोपच वर जात नाही.

घरी आल्यावर एका शेजारणीने हळूच सांगितलं, "पाठ फुटली की समजायचं, बोलावणं आलं. भोग असतात ते." मला राग आला, पण बाईंच्या जोडीला फार मोठा माणूस आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचा नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ शार्को हेच म्हणत होता : अशी जखम मज्जातंतूंच्या बिघाडातून येते आणि मरण जवळ आल्याचं सांगते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला गोळी लागलेल्या सैनिकांकडे बरेच डॉक्टर याच नजरेने बघत. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी अशा सैनिकांचा विभाग सुरू केला आणि दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायचा नियम घातला. माणसं जगू लागली. 1948मध्ये त्यांच्यातल्या 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, आजच्या पॅरालिम्पिकचं मूळ ते. भोग दोन तासांच्या घड्याळाने टळले!

मग एअर बेड खोटा का? नाही. मायकेल कोसिआक यांनी 1961मध्ये उंदरांवर दाखवलं की 70 मिमीचा दाब सलग दोन तास राहिला तर स्नायू बिघडतो. पण दर पाच मिनिटांनी दाब काढला तर त्याहून कितीतरी जास्त दाबही बराचसा सोसतो. गादीचे कप्पे आळीपाळीने फुगतात ते यासाठीच. दाब गुणिले वेळ, असा हिशोब आहे, आणि गादी त्यातला वेळ तोडते. पण तिच्यावर प्रेमाने जाड गोधडी अंथरली की कप्प्यांची हालचाल वर पोचतच नाही. हवा पुरेशी आहे का ते बघायला माणूस झोपलेला असताना गादीखालून, कमरेच्या खाली, हात सरकवावा. हाड हाताला लागलं तर गादी आहे काय नि नाही काय. वीज गेली तर विचारूच नका.

आणि गादी कितीही भारी असो, घसरण तिला थांबवता येत नाही. डोकं उंच केलं की माणूस पायाकडे सरकतो, पाठीची कातडी मात्र चादरीला चिकटून जागीच राहते. मधल्या वाहिन्या तिरक्या ताणल्या जातात आणि नळीला मोड पडावी तशा बंद होतात. म्हणून जेवणाची वेळ सोडली तर 30 अंशांपेक्षा उंच नको, आणि माणसाला वर घेताना फरफटायचं नाही. आम्ही आत्याचंच जुनं सुती नऊवारी चार पदरी घडी करून तिच्या खांद्यापासून मांडीपर्यंत घातलं. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, उचलायचं, मग सरकवायचं. कुशीवर घेताना पूर्ण आडवं करत नाही, कारण मग सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांचा कल. पोटऱ्यांखाली दुसरी उशी, टाचा अधांतरी.

रात्रीचं काय? आतेभाऊ दिवसभर नोकरी करतो. दोन तास हा आकडाही दगडावरची रेघ नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांतला एक मोठा अभ्यास 2013मध्ये आला. चांगल्या, दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तर जखमांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पण तिथे गादी चांगली होती, कर्मचारी सरावलेले होते आणि कातडी रोज तपासली जात होती. आम्ही नर्सबाईंना विचारून दिवसा दोन तास, रात्री तीन असं ठरवलं. प्रत्येक वेळी टॉर्च लावून पाठ बघायची, लंगोट ओला असेल तर बदलायचा, कारण भिजलेली कातडी लवकर फाटते.

रात्री एकचा गजर झाला की आत्या उजव्या हाताने पांघरूण ओढून घेते आणि म्हणते, "मेल्यांनो, लकव्याने नाही गेले, पण तुमच्या या घड्याळाने जाईन."