सनी रोलिन्स : ध्वनिमुद्रणे आणि उत्तरकाळ

थिओडोर वॉल्टर ऊर्फ सनी रोलिन्स हे अमेरिकन जॅझमधील टेनर सॅक्सोफोनवादक. जन्म ७ सप्टेंबर १९३०, न्यूयॉर्कमधील हार्लेम. १९४९ ते २०१२ एवढा प्रदीर्घ काळ ते वाजवत होते. मध्ये दोनदा त्यांनी आपणहून वादन थांबवले. त्यांच्याविषयी जॅझरसिकांत एक जुना वाद आहे. १९५६ ते १९५८ या काळातल्या तबकड्यांत बोट ठेवायला जागा नाही, यावर सगळ्यांचे एकमत. १९७२ नंतरच्या स्टुडिओ-अल्बमांचा विषय निघाला, की मात्र कट्टर चाहतेही सारवासारव करू लागतात. आणि त्याच वर्षांत त्यांना समोर बसून ऐकलेली माणसे सांगतात, की असा वादक पुन्हा ऐकायला मिळाला नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणूनच रोलिन्स यांच्या उत्तरकाळाचे मोल ठरवताना त्यांची कोणती ध्वनिमुद्रणे हाताशी घ्यायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

जडणघडण

आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले, त्यामुळे कॅलिप्सो या तिकडच्या नाचऱ्या गीतप्रकाराच्या चाली घरातच कानावर पडल्या. टेनर सॅक्सोफोनचा अध्वर्यू कोल्मन हॉकिन्स त्याच वस्तीत राहत असे. किशोरवयातला रोलिन्स त्याचा फोटो घेऊन सहीसाठी त्याच्या दारात वाट पाहत बसे. आधी आल्टो सॅक्सोफोन आणि मग सोळाव्या वर्षाच्या आसपास टेनर हाती आला. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या घरी तालमी होत. १९४९ मध्ये, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नसताना, पियानोवादक बड पॉवेल यांच्या संचात त्यांचे ध्वनिमुद्रण झाले.

पुढची काही वर्षे वाईट गेली. हेरॉइनचे व्यसन लागले, सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात जावे लागले, आणि १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात त्यांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले. तरी याच धामधुमीत, १९५४ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबरच्या एका बैठकीत त्यांनी ‘ओलिओ’, ‘डॉक्सी’ आणि ‘एअरेजिन’ या तीन रचना दिल्या. आजही जॅझ शिकणारा प्रत्येक जण त्या घोटतो. १९५५ च्या अखेरीस ते क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या पंचकात दाखल झाले. व्यसनाला कधी न शिवलेला तरुण ट्रम्पेटवादक ब्राउन हा त्यांच्यापुढचा आदर्श ठरला. २६ जून १९५६ रोजी तो मोटार-अपघातात गेला.

‘सॅक्सोफोन कोलॉसस’ आणि आसपास

त्या अपघाताच्या चारच दिवस आधी, २२ जून १९५६ ला, न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ मुद्रित झाला. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच. रचना फक्त पाच.

पहिली ‘सेंट थॉमस’. आईच्या बेटाचे नाव असलेली ही कॅलिप्सो पारंपरिक चालीवर बेतलेली आहे. रोच एकटाच ड्रमवर सुरुवात करतो, चाल वाजते आणि रोलिन्स उपज सुरू करतात ती केवळ दोन स्वरांवर. तोच तुटक तुकडा ते कधी तालाच्या अलीकडे, कधी पलीकडे ठेवतात, मध्ये गाळलेली जागा तशीच मोकळी सोडतात. जॅझमध्ये मूळ चालीच्या स्वरसंगतीचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे एक कोरस. अशा प्रत्येक कोरसमध्ये नवे काही भरण्याची घाई त्या काळच्या बहुतेक वादकांना असे. रोलिन्स यांना ती नाही. हातातला तुकडा संपल्याची खात्री झाल्याशिवाय ते पुढचा उचलत नाहीत.

हीच रीत शेवटच्या, अकरा मिनिटांहून लांब असलेल्या ‘ब्लू सेव्हन’मध्ये टोकाला जाते. आधी बराच वेळ वॉटकिन्सचा बास एकटाच चालत राहतो. मग येणारी चाल इतकी मोजक्या स्वरांची आणि इतकी निसटती, की ती नेमकी कोणत्या स्वरस्थानावर उभी आहे ते चटकन उमगत नाही. पुढची सगळी बांधणी या चालीच्या तुकड्यांतून होते. रोचचे एकल ड्रमवादनही एकाच लयआकृतीचे फेर धरते. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये या वादनाचे सविस्तर विश्लेषण केले आणि उत्स्फूर्त वादनातही रचनेची एकसंधता असू शकते, याचा दाखला म्हणून ते गाजले. खुद्द रोलिन्स मात्र तो लेख वाचून अवघडले. आपण नकळत करत होतो ते आता कळून करावे लागणार, अशी ही अडचण होती, आणि त्यानंतर त्यांची स्वतःविषयीची नाराजी वाढतच गेली.

या काळातल्या इतर तबकड्यांपैकी चार तरी ऐकाव्यातच. ‘टेनर मॅडनेस’ (मे १९५६) च्या शीर्षक-रचनेत दुसरा टेनरवादक जॉन कोल्ट्रेन सोबतीला आहे. दोघांचे एकत्रित असे हे एकच ध्वनिमुद्रण. ‘वे आउट वेस्ट’ (मार्च १९५७) लॉस एंजेलिसमध्ये, सगळे वादक दिवसभर कामात अडकलेले असल्याने पहाटे तीनला सुरू झालेल्या बैठकीत झाला. तिथे पियानोच नाही; फक्त सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. स्वरसंगतीचा आधार काढून घेतला की चूक लपवायला जागा उरत नाही, पण हवी तिकडे वळण्याची मोकळीक मिळते. मुखपृष्ठावर काउबॉयची टोपी घातलेले रोलिन्स वाळवंटात उभे आहेत. विनोद आणि गांभीर्य यांत त्यांना कधी फारकत वाटली नाही. हेच त्रिकूट-तंत्र ३ नोव्हेंबर १९५७ च्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधल्या मुद्रणात अधिक रांगडे होऊन येते. १९५८ मध्ये ‘फ्रीडम सूट’ आला. अमेरिकन संस्कृतीवर कृष्णवर्णीयांचा एवढा ठसा असताना त्यांचाच छळ व्हावा, यावर रोलिन्स यांनी मलपृष्ठावर थेट लिहिले. नागरी हक्कांच्या चळवळीला जॅझने उघड जबाब देण्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातले हे निवेदन होते. कंपनीने नंतर तो अल्बम निरुपद्रवी नाव देऊन पुन्हा बाजारात आणला.

पूल आणि पवई

१९५९ मध्ये, नाव शिखरावर असताना, रोलिन्स यांनी जाहीर वादन बंद केले. मॅनहॅटनच्या ग्रँड स्ट्रीटवरच्या घरात रियाज केला तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून ते जवळच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन वाजवू लागले. खालून जहाजे, शेजारून आगगाड्या, आणि त्यांच्या वर आवाज काढायचा. ऊनपावसात, थंडीवाऱ्यात, कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास. १९६१ च्या अखेरीस ते परतले आणि १९६२ मध्ये गिटारवादक जिम हॉलसह ‘द ब्रिज’ आला. दोन वर्षांच्या एकांतातून काही तरी स्फोटक बाहेर पडेल, अशी अपेक्षा धरून बसलेले लोक निराश झाले, कारण अल्बम शांत आणि घोटीव होता. स्फोट नंतर झाले: ट्रम्पेटवादक डॉन चेरीसोबतचा ‘अवर मॅन इन जॅझ’, आणि बालपणीचे दैवत हॉकिन्स याच्यासोबतचा १९६३ चा ‘सनी मीट्स हॉक’. या दुसऱ्या अल्बममध्ये शिष्य गुरूची नक्कल कटाक्षाने टाळतो. कधी कधी तो मुद्दाम वेडावाकडा वाजतो, जणू गुरूला त्याची जागा सोडून आपण दुसरीकडे उभे राहायचे.

दुसरा विराम याच दशकाच्या अखेरीचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सॅक्सोफोन घेऊन मुंबईत आले आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिले. वेदान्त आणि योगाचा अभ्यास चालू होता, पण डोळे मिटून स्वस्थ बसणे त्यांना जमेना. वाद्य वाजवता तेव्हा तुमचे ध्यानच चालू असते, असे तिथे त्यांना समजावण्यात आले. हे ते पुढे मुलाखतींतून आवर्जून सांगत. पवईचा ठसा पुसला गेला नाही. वयाच्या ऐंशीनंतर त्यांनी वाजवलेल्या एका रचनेचे नाव ‘पतंजली’ आहे.

मुंबईला ते वादक म्हणूनही आले. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात त्यांचे वादन झाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गोव्याच्या वादकांनी ब्रास आणि सॅक्सोफोन घरोघरी पोचवले होते, ब्राझ गोन्साल्विससारखा अव्वल जॅझ सॅक्सोफोनवादक गोव्याने दिला होता. त्यामुळे हा पाहुणा कोण आहे, हे ओळखणारे कान शहरात होते.

स्टुडिओतले आणि मंचावरचे रोलिन्स

१९७२ च्या ‘नेक्स्ट अल्बम’पासून माइलस्टोन कंपनीशी जमलेले नाते जवळपास तीन दशके टिकले. पत्नी लूसील व्यवस्थापक झाल्या, पुढे निर्मितीही पाहू लागल्या. कार्यक्रम कमी, बिदागी चोख, आणि रात्रीच्या धुरकट क्लबांऐवजी सभागृहे, हे धोरण त्यांचे. संगीताच्या दृष्टीने मात्र हे अल्बम डावे-उजवे आहेत. इलेक्ट्रिक बास, फंकच्या धाटणीचा ताल, गुळगुळीत मिश्रण. बॉब क्रॅन्शॉसारखा दशकानुदशके साथ देणारा बासवादक किंवा ट्रॉम्बोनवर भाचा क्लिफ्टन अँडरसन ही माणसे भरवशाची होती, पण रोच किंवा एल्विन जोन्स या ड्रमवादकांसारखी आव्हान देणारी नव्हती. त्यात रोलिन्स यांना स्टुडिओच नकोसा. पुन्हा वाजवता येते म्हटले की त्यांचे समाधान कधीच होत नसे, आणि मुद्रित झालेले स्वतःचे वादन ऐकणे तर शिक्षाच. या काळातले सर्वांत जास्त लोकांनी ऐकलेले त्यांचे वादन रोलिंग स्टोन्सच्या १९८१ च्या ‘टॅटू यू’ अल्बमवर आहे आणि तिथे त्यांचे नावही छापलेले नव्हते.

मंचावर हाच माणूस वेगळा होई. एप्रिल १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मुद्रित झालेल्या ‘डोन्ट स्टॉप द कार्निव्हल’मधल्या ‘ऑटम नॉक्टर्न’ची सुरुवात ऐकावी. साथ थांबलेली, एकटा सॅक्सोफोन कित्येक मिनिटे बोलतो, भलत्याच गाण्यांचे तुकडे मध्ये फेकतो, खालच्या सप्तकात गुरगुरतो, मूळ चालीच्या उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी वळतो. शेवटी चाल येते तेव्हा श्रोत्यांचा आरडाओरडा ऐकू येतो. ख्यालाच्या मैफलीला सरावलेल्या माणसाला यात परके काही वाटणार नाही: कलावंताचे मोठेपण तीन मिनिटांच्या तबकडीवरून नव्हे, तर रंगलेल्या मैफलीच्या, कुणीतरी जपून ठेवलेल्या टेपवरून कळते, हा अनुभव आपल्याकडेही आहेच.

ऑगस्ट १९८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज येथील ओपस फॉर्टी या दगडी शिल्पस्थळी माहितीपटासाठी त्यांच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण चालू होते. वाजवता वाजवता त्यांनी उंच मंचावरून खाली उडी घेतली आणि टाचेचे हाड मोडले. ते उताणे पडले, साथीदार गोंधळले, आणि काही क्षणांत पडल्या जागेवरूनच सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला. प्रसंग नाट्यमय म्हणून सांगितला जातो. पण त्याच कार्यक्रमातले ‘जी-मॅन’ हे पंधरा मिनिटांचे वादन या किश्श्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

अकरा सप्टेंबर आणि ‘रोड शोज’

११ सप्टेंबर २००१ रोजी रोलिन्स जुळ्या मनोऱ्यांपासून काही चौकांवर राहत होते. इमारत रिकामी करावी लागली तेव्हा ते सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडले. चारच दिवसांनी बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला. रद्द करावा असे त्यांच्या मनात होते; लूसील यांनी वाजवायला लावले. त्या रात्रीचे वादन श्रोत्यांत बसलेल्या एका संग्राहकाने गुपचूप टिपले, आणि तेच पुढे २००५ मध्ये ‘विदाउट अ साँग’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यातल्या ‘व्हाय वॉज आय बॉर्न?’ या वादनाला ग्रॅमी मिळाले. त्याआधी ‘धिस इज व्हॉट आय डू’ (२०००) या स्टुडिओ-अल्बमलाही ग्रॅमी मिळाले होते आणि तो त्यांच्या उत्तरकाळातल्या स्टुडिओकामातला सर्वांत निवांत, सर्वांत जमलेला आहे.

२००४ मध्ये लूसील गेल्या. रोलिन्स यांनी डॉक्सी नावाची स्वतःची कंपनी काढली, आणि आयुष्यभर चोरट्या मुद्रणांवर चिडणाऱ्या या माणसाने तीच मुद्रणे उघडून ऐकायला घेतली. त्यातून ‘रोड शोज’चे चार खंड निघाले (२००८, २०११, २०१४, २०१६). पहिला खंड उत्तरकाळाची सर्वांत चांगली ओळख आहे: १९८० चे वॉर्सा, १९८६ चे टोकियो, २००७ चे कार्नेगी हॉल असे तुकडे एकत्र असूनही ते एकाच लांब वादनासारखे लागतात. वॉर्साचे ‘ईझी लिव्हिंग’ तर ‘सॅक्सोफोन कोलॉसस’च्या शेजारी निःसंकोच ठेवावे. दुसऱ्या खंडात १० सप्टेंबर २०१० चा, ऐंशीव्या वाढदिवसानिमित्तचा बीकन थिएटरमधला कार्यक्रम आहे. रॉय हेन्सचा ड्रम, ख्रिश्चन मॅकब्राइडचा बास, आणि ‘सनीमून फॉर टू’ मध्यावर आलेले असताना मंचावर येतो आल्टो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोल्मन. दोघांनी याआधी जाहीर कार्यक्रमात एकत्र वाजवलेले नव्हते. ऑर्नेट स्वरसंगतीची चौकट मानतच नाही, आणि त्याला ऐकून रोलिन्सही पुढच्या फेरीत ती सोडून देतात. ऐंशीव्या वर्षी समोरच्याचे ऐकून आपली वाट बदलणारा वादक इथे कानांना प्रत्यक्ष सापडतो.

विराम आणि कागदपत्रे

फुप्फुसे कडक होत जाण्याच्या फायब्रोसिस या आजारामुळे २०१२ नंतर जाहीर वादन थांबले. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक आणि केनेडी सेंटर सन्मान मिळाले होते. विल्यम्सबर्ग पुलाला त्यांचे नाव द्यावे म्हणून न्यूयॉर्कमध्ये मोहीमही चालली.

त्यांचा कागदपत्रांचा संग्रह २०१७ मध्ये हार्लेममधल्याच शॉम्बर्ग सेंटर या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या संशोधन-ग्रंथालयाकडे आला. त्यात रियाजाच्या वह्या आहेत. त्यांतली निवड २०२४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. बोटांची ठेवण, श्वास, आहार, व्यायाम, स्वतःला दिलेल्या सूचना असे त्यांचे स्वरूप आहे. त्याच वर्षी १९५९ च्या युरोप दौऱ्याची मुद्रणे ‘फ्रीडम वीव्हर’ या संचातून बाहेर आली. वादन सोडून पुलावर जायच्या काही महिने आधीचे हे रोलिन्स, पियानोविना, भरात आलेले. ज्या वादनावर ते स्वतः नाखूश होते ते नेमके कसे होते, हे तपासायचे तर हा संच आणि ‘द ब्रिज’ लागोपाठ ऐकावे, आणि मग वॉर्साचे ‘ईझी लिव्हिंग’ लावावे.